ते शून्य कोणी भरलं?

ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून देणारी मंडळी अलीकडे एक म्हणणं फार ठासून मांडतात. उद्योजकांचा मेळावा असो, सल्लागाराचं सादरीकरण असो की कारखान्यातली गो-लाइव्हच्या आधीची बैठक, सूर तोच असतो. माल कधी आणि किती मागवायचा हे ठरवणं आता माणसाचं काम राहिलेलं नाही, असं ते सांगतात. प्रत्येक आयटमला ‘लॉट-फॉर-लॉट’ लावा, म्हणजे जेवढी गरज तेवढीच मागणी निघेल. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीनडीचा राखीव साठा, शून्य ठेवा, कारण साठा म्हणजे अडकलेला पैसा. लीड टाइम, म्हणजे मागणीपासून माल येईपर्यंतचा काळ, पुरवठादाराच्या कोटेशनवरून भरा आणि पुढचं एमआरपीवर, म्हणजे मालाची गरज काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हिशेबावर, सोडा. स्टोअरकीपर आणि परचेसवाले मध्ये हात घालतात म्हणून गणित बिघडतं, हेही वर ऐकवलं जातं.

या म्हणण्यामागची तळमळ मला कळते. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून मागवलेल्या मालाचे ढीग मी किती तरी स्टोअरमध्ये पाहिले आहेत. मॉडेल बंद होऊन गेलेलं असतं, पण त्याच्या कास्टिंग रॅकच्या खालच्या खणात गंजत पडलेल्या असतात. सीलंटची मुदत उलटलेली असते, पेंटचं हार्डनर डब्यातच घट्ट झालेलं असतं. हा सगळा पैसा बँकेच्या कॅश क्रेडिटवर, व्याज भरत उभा असतो. त्या सवयीवर कोणी तुटून पडत असेल तर मी त्याच्या बाजूनं आहे.

पण त्या रोगावर त्यांनी काढलेला उपाय चुकीचा आहे, आणि थोडाथोडका नाही. फेरमागणीचं धोरण ही सॉफ्टवेअरची तांत्रिक जुळणी नव्हे. माल कमी पडला तर नुकसान कोणाचं होऊ द्यायचं आणि जास्त झाला तर पैसा कोणाचा अडकू द्यायचा, याचा तो निर्णय आहे. तो कारखान्यातल्या माणसांनी आयटमचा स्वभाव ओळखून घ्यायचा असतो. बाहेरच्या माणसानं एका एक्सेल टेम्प्लेटमधून तो हजारो आयटमना एका रात्रीत चिकटवणं, ही त्या कारखान्याच्या हिताची हेळसांड आहे.

हे टेम्प्लेट मी जवळून पाहिलं आहे. आयटम कोड, वर्णन, एकक, एचएसएन, गट असे रकाने नीट भरलेले असतात, कारण ते चुकले तर बिल अडतं. उजवीकडे सरकत गेलं की लीड टाइम, मिनिमम ऑर्डर क्वांटिटी, राउंडिंग, रीऑर्डर पॉइंट, सेफ्टी स्टॉक हे रकाने येतात. तिथे वरच्या ओळीत एक आकडा लिहून तो माउसनं खाली ओढलेला असतो. लीड टाइम सगळ्यांना सात दिवस, सेफ्टी स्टॉक सगळ्यांना शून्य. फोर्जिंगलाही सात दिवस आणि बाजारात तासाभरात मिळणाऱ्या नटबोल्टलाही सातच.

‘हे शून्य तात्पुरतं आहे, माहिती आली की भरू,’ असं त्यावर उत्तर मिळतं. पण सॉफ्टवेअर त्या शून्याला ‘माहिती नाही’ असं वाचत नाही, ते त्याला आज्ञा मानतं. सेफ्टी स्टॉक शून्य म्हणजे पुरवठादार कधीच उशीर करत नाही, आवक तपासणीत एकही नग रिजेक्ट होत नाही आणि ग्राहक महिन्याच्या मधोमध शेड्यूल बदलत नाही, एवढं सगळं आपण लेखी सांगितलेलं असतं. राउंडिंग रिकामं ठेवणं म्हणजे पुरवठादार सुटे नग देतो असं सांगणं. आणि सरसकट लॉट-फॉर-लॉट म्हणजे पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायला, गाडी आत घ्यायला, जीआरएन (माल आल्याची नोंद) करायला, तपासायला आणि बिल नोंदवायला एक रुपयाही लागत नाही, असं सांगणं. ही विधानं कोणत्याही कारखान्याचा मालक तोंडानं करणार नाही. त्याच्या आयटम मास्टरमध्ये मात्र ती त्याच्या नावानं बसलेली असतात.

सर्कलिपचं, म्हणजे खाचेत बसून बेअरिंग जागेवर धरणाऱ्या कडीचं, उदाहरण घेऊ. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात वर्षाला 12,000 सर्कलिप लागतात आणि एकाची किंमत 4 रुपये आहे असं धरा. एक मागणी काढण्यापासून तिचं बिल नोंदवण्यापर्यंतचा खर्च 300 रुपये आणि साठा बाळगण्याचा खर्च किमतीच्या वर्षाला 20 टक्के धरू. लॉट-फॉर-लॉटवर दर आठवड्याला साधारण 240 नगांची, म्हणजे 960 रुपयांची पीओ निघेल. वर्षाला पन्नास पीओ, म्हणजे मागणीचा खर्च 15,000 रुपये. आता इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे दोन्ही खर्चांची बेरीज सर्वांत कमी होते तेवढी मागणी, काढा. ती 3,000 नग येते. वर्षाला चार मागण्या म्हणजे 1,200 रुपये, आणि सरासरी दीड हजार नग बाळगण्याचे आणखी 1,200. एकूण 2,400. स्टोअरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त 12,000 रुपयांच्या सर्कलिप पडून राहतील. या 12,000 रुपयांना ‘अडकलेला पैसा’ म्हणायचं आणि कारकुनीत जाणाऱ्या 15,000 रुपयांकडे बघायचंच नाही, याला काटकसर म्हणता येत नाही.

हे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्यानं 1913 मध्ये मांडलं. त्यावर नेहमीचा आक्षेप असा की, मागणीचा खर्च नेमका किती आणि बाळगण्याचा किती हे कोणालाच ठाऊक नसतं, मग सूत्र काय कामाचं? हा आक्षेप घेणाऱ्यांनी सूत्राचा सगळ्यात उपयोगी गुण लक्षात घेतलेला नाही. त्याच्या खर्चाची रेषा तळाशी पसरट आहे. 3,000 ऐवजी थेट दुप्पट, 6,000 मागवल्या तरी एकूण खर्च 25 टक्क्यांनीच वाढतो, म्हणजे 2,400 चे 3,000 होतात. दीडपट मागवल्या तर वाढ 8 टक्क्यांच्या आसपास. अंदाज बऱ्यापैकी चुकला तरी सूत्र सांभाळून घेतं. तेव्हा नेमके आकडे नाहीत म्हणून शून्य भरलं, ही सबब टिकत नाही. स्टोअरकीपरला विचारून घेतलेला ढोबळ आकडाही त्या शून्यापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळचा असतो.

कारकुनीपेक्षा मोठा घाव वेगळ्या ठिकाणी बसतो. बेअरिंग बसलेलं आहे, शाफ्ट आत गेला आहे, आणि हाउसिंगच्या खाचेत बसणारी सर्कलिप नाही म्हणून पंप स्टँडवर उभा आहे, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. सुपरवायझर पोराला मोटरसायकलवर हार्डवेअरच्या दुकानात पिटाळतो. पेटी कॅशमधून सर्कलिप येतात, पंप पुढे सरकतो, संध्याकाळी डिस्पॅच होतो. त्या सर्कलिपची जीआरएन मात्र होत नाही. पंप तयार झाल्याची नोंद पडली की बॅकफ्लशमध्ये सॉफ्टवेअर बीओएमप्रमाणे, म्हणजे पंपाच्या भागांच्या यादीप्रमाणे, सर्कलिप आपोआप वजा करतं आणि साठा उणे दिसू लागतो. मग पुढच्या एमआरपीत तो उणे भरून काढायला जादा मागणी निघते. महिनाअखेरीला कोणीतरी स्टॉक ॲडजस्ट करतं. अशा चार आयटमनंतर लोकांचा पडद्यावरच्या आकड्यावरचा विश्वास उडतो आणि स्टोअरमध्ये पुन्हा वही उघडते. त्या वहीबद्दल सल्लागार स्टोअरकीपरला बोल लावतो. वही उघडायला लावली ती टेम्प्लेटमधल्या शून्यानं.

म्हणजे सगळ्यांना जुन्या पद्धतीनं रीऑर्डर लेव्हल, साठा जिच्याखाली गेला की मागवायचं ती पातळी, लावावी का? तसं मी म्हणत नाही, आणि लॉट-फॉर-लॉटवाल्यांचा मुद्दा जिथे खरा आहे तिथे तो पुरेपूर खरा आहे. पंपाचा शाफ्ट घ्या. एका मॉडेलची शंभर पंपांची बॅच दर चार आठवड्यांनी लागते. सरासरी काढली तर आठवड्याला 25 शाफ्ट. लीड टाइम दोन आठवडे, म्हणून 50, आणि वर 15 चा सेफ्टी स्टॉक, मिळून रीऑर्डर लेव्हल 65. प्रत्यक्षात काय घडतं? साठा 110 असताना बॅच लागते, एकदम 100 निघून जातात, 10 उरतात. पातळी ओलांडली म्हणून तत्काळ 100 ची मागणी निघते. दोन आठवड्यांनी शाफ्ट येतात आणि पुढचे दोन आठवडे 110 शाफ्ट तेल लावून नुसते पडून राहतात, कारण त्या काळात त्यांची गरजच नसते. पुढची बॅच 130 ची निघाली तर वीस कमी पडतात. ती ऑर्डर तीन आठवड्यांपूर्वीच सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेली होती, पण रीऑर्डर लेव्हल मागे वळून खप बघते, पुढची ऑर्डर तिला दिसत नाही. साठाही झाला आणि टंचाईही झाली.

आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी साठच्या दशकात हाच भेद मांडला आणि 1975 च्या एमआरपीवरच्या पुस्तकात तो पक्का केला. ग्राहकाकडून येणारी मागणी स्वतंत्र असते, तिचा अंदाज करावा लागतो. शाफ्टची मागणी पंपाच्या योजनेवर अवलंबून असते, तिचा हिशेब करता येतो, आणि हिशेब करता येतो तिथे अंदाज करत बसू नये. त्यांचा आणखी एक हिशेब प्रत्येक प्लॅनरनं भिंतीवर लावण्यासारखा आहे. एका जुळणीला दहा भाग लागतात आणि प्रत्येक भाग वेळेवर हाताशी असण्याची शक्यता 90 टक्के आहे. दहाही भाग एकाच वेळी हाताशी असण्याची शक्यता किती? 35 टक्के. प्रत्येक आयटमचा सुटा सुटा सांभाळ चांगला असूनही तीनपैकी दोन वेळा जुळणी अडणार. घरात डबा तळाला गेला की मीठ आणतात, पण श्रीखंडाचा चक्का पाहुणे कधी येणार ते बघून टांगतात. कारखान्याला दोन्ही रीती लागतात आणि कोणती कुठे, हे आयटम बघूनच ठरतं.

आणि एकच आयटम कधी कधी दोन्ही रीतींचा असतो. हाच शाफ्ट सुटा भाग म्हणूनही विकला जातो. भर उन्हाळ्यात पंप जाम झालेला शेतकरी तालुक्याच्या डीलरकडे येतो, डीलर कारखान्याला फोन लावतो. ही मागणी कोणत्याही बीओएममधून निघत नाही आणि तिचा दिवस कोणी आधी सांगत नाही. शाफ्टला कोरडं लॉट-फॉर-लॉट लावलं तर डीलरला दिलेला प्रत्येक शाफ्ट पुढच्या बॅचच्या तोंडचा काढून द्यावा लागतो. त्याला बॅचसाठी लॉट-फॉर-लॉट आणि सुट्या विक्रीच्या अंदाजाएवढा सेफ्टी स्टॉक, असं मिश्र धोरण हवं. हे सुट्या भागांची विक्री बघणाऱ्याला माहीत असतं. तो त्या बैठकीला बोलावलेलाच नसतो.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना हे सगळं पुरेपूर ठाऊक आहे. सॅपमध्ये एमआरपी टाइप पीडी (योजनेवरून) की व्हीबी (रीऑर्डर पॉइंटवरून), लॉट साइझ ईएक्स (लॉट-फॉर-लॉट), एफएक्स (ठरावीक नग) की एचबी (कमाल पातळीपर्यंत भरणं), असं आयटमगणिक निवडावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये ‘फिक्स्ड रीऑर्डर क्वांटिटी’, ‘मॅक्सिमम क्वांटिटी’, ‘ऑर्डर’ आणि ‘लॉट-फॉर-लॉट’ अशी चार धोरणं आहेत. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येक आयटमला गोदामागणिक वेगळी रीऑर्डर लेव्हल देता येते. एकच धोरण सगळ्यांना पुरत असतं तर एवढी दारं ठेवायचं कारण काय होतं? ती दारं बंद करून एकच उघडी ठेवणं ही बसवून देणाऱ्याची सोय आहे.

आता लीड टाइम. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या एका रकान्यात होतं आणि सगळ्यात कमी चर्चा त्याचीच होते. रकान्यात एकच आकडा मावतो, पण कोणताही पुरवठादार एका आकड्यात राहत नाही. एका आयटमचा रोजचा खप सरासरी 20, त्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 5. लीड टाइम 9 दिवस. पुरवठादार अगदी घड्याळाबरहुकूम येत असेल तर 95 टक्के खात्रीसाठी सेफ्टी स्टॉक सुमारे 25 नग पुरतो. पण त्याच्या 9 दिवसांत 3 दिवसांचं मागेपुढे होत असेल, तर त्याच खात्रीसाठी सुमारे 102 नग लागतात. खप तोच, दर तोच, सरासरी लीड टाइमही तोच. चौपट साठा फक्त अनिश्चिततेमुळे लागला. कोटेशनवर ‘9 दिवस’ एवढंच छापलेलं असतं. मागच्या वर्षभराच्या पीओ आणि जीआरएनच्या तारखा शेजारी लावल्या की खरी गोष्ट तासाभरात समोर येते, आणि त्या तारखा कारखान्यात पडलेल्याच असतात.

या हिशेबात आपल्याकडच्या गोष्टी येतात. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, आणि सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये आयते आलेले शनिवार-रविवार तसेच राहिलेले असतात. गणपतीत आणि दिवाळीत शॉप फ्लोअर ओस पडतो. छटपूजेला उत्तरेकडचे मोल्डर आणि फेटलर गावी जातात ते लगेच परतत नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून कास्टिंग घेणाऱ्या परचेस मॅनेजरला हे पाठ असतं, म्हणून तो दिवाळीआधी मागणी पुढे ओढतो. सल्लागार याला ‘सिस्टिमबाहेरचा हस्तक्षेप’ म्हणतो. खरं तर जे सिस्टिममध्ये भरायला हवं होतं ते तो माणूस एकट्याच्या डोक्यावर वाहत असतो. तो नोकरी सोडून गेला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते.

अनिश्चितता वेळेची आहे की नगांची, हेही बघावं लागतं. व्हायबार्क आणि विल्यम्स यांनी 1976 मध्ये एमआरपीच्या संदर्भात दाखवून दिलं की पुरवठ्याची वेळ डळमळीत असेल तर सेफ्टी लीड टाइम, म्हणजे माल काही दिवस आधी यायला लावणं, जास्त चांगलं काम करतं. आणि नगसंख्या डळमळीत असेल, उदाहरणार्थ रिजेक्शन जास्त असेल, तर सेफ्टी स्टॉक. उशीर करणाऱ्या आणि रिजेक्शन देणाऱ्या पुरवठादाराला एकच औषध चालत नाही.

एवढं सांगूनही शेवटी टोयोटाचं नाव येतंच. तिथे साठा ठेवत नाहीत, मग आपण का ठेवायचा? टोयोटाच्याच चार जणांनी 1977 मध्ये कानबानची पद्धत जगापुढे मांडली. त्या लेखातल्या कानबान किती ठेवायच्या याच्या सूत्रात लीड टाइमच्या खपावर एक जादा गुणक आहे. बाहेरून येणारे अडथळे निभावण्याची त्या विभागाची कुवत बघून तो गुणक ठरवायचा असतो, आणि त्याला त्यांनी धोरणाचाच आकडा म्हटलं आहे. कानबान हीसुद्धा रीऑर्डर लेव्हलच आहे, फक्त कार्डावरची. ती इतकी खाली आणता आली कारण टोयोटानं आधी उत्पादन सपाट केलं, डाय बदलायचा वेळ तासांवरून मिनिटांवर आणला आणि पुरवठादारांना जवळ बसवलं. यातलं काही न करता शेवटचं शून्य तेवढं उचलायचं, ही टोयोटाची नक्कलसुद्धा नव्हे.

आणि टोयोटालाही शून्याजवळ राहण्याची किंमत मोजावी लागली आहे. 1 फेब्रुवारी 1997 रोजी करिया इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह टोयोटा जवळजवळ सगळा तिथून घेत असे, आणि हाताशी साठा अगदी थोडा होता. जपानमधल्या तिच्या गाड्यांच्या लाइन काही दिवस थांबल्या. इतर अनेक पुरवठादारांनी धावपळ करून तो व्हॉल्व्ह बनवून दिला म्हणून त्या आठवड्याभरात सावरल्या. पुढे 2011 च्या भूकंपानंतर टोयोटानं कोणते भाग तुटले तर सावरायला सर्वांत जास्त वेळ लागेल याचा शोध घेतला आणि चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. त्यामुळे 2021 च्या सुरुवातीला चिपअभावी इतर कंपन्या उत्पादन कापत असताना तिला काही महिने तग धरता आला. ज्या कंपनीचं नाव घेऊन सरसकट शून्य लावायला सांगतात, तिनं स्वतः आयटम बघून धोरण बदललं.

लॉट-फॉर-लॉटचा आणखी एक दोष एमआरपी दर आठवड्याला चालवणाऱ्याला चांगला माहीत असतो. वरची एक ऑर्डर चार दिवसांनी सरकली की खालच्या प्रत्येक भागाची तारीख सरकते. मागणी पुढे ढकला, मागे ओढा, दोन नग कमी करा, एक वाढवा, असे शेकडो संदेश सकाळी पडद्यावर येतात. त्यातले बहुतेक निरर्थक असतात. पुरवठादाराला दर आठवड्याला नवी तारीख कळवली की तो कोणतीच तारीख मनावर घेत नाही. प्लॅनरही काही दिवसांत ते संदेश उघडायचं बंद करतो आणि जो एक संदेश खरोखर लाइन बंद पडण्याचा असतो तो त्या गर्दीत बुडतो. यासाठी सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. बिझनेस सेंट्रलमध्ये डॅम्पनर आहे, सॅपमध्ये प्लॅनिंग टाइम फेन्स आहे. किती दिवसांचा आणि किती नगांचा बदल दुर्लक्षावा, किंवा किती दिवसांच्या आतला बदल आपोआप होऊच द्यायचा नाही, हे तिथे भरायचं असतं. ते रकानेही बहुतेक ठिकाणी रिकामे असतात, कारण किती बदल सोसायचा हे ठरवायला उत्पादन आणि परचेस यांना एकत्र बसावं लागतं.

‘आता एआय आहे, जुन्या खपावरून तेच पातळ्या ठरवेल,’ हा सगळ्यात नवा युक्तिवाद. खपावरून पातळी काढणं नवीन नाही, सॅपमध्ये आपोआप रीऑर्डर पॉइंट काढणारा व्हीएम प्रकार कधीचा आहे. प्रश्न खपाच्या नोंदीचा आहे. माल नव्हता त्या आठवड्यात खप शून्य नोंदला जातो. मागणी होती, माल नव्हता, पण यंत्राला शून्य खप दिसतो आणि ते समजतं की या आयटमला गिऱ्हाईक नाही. ते पातळी खाली आणतं, माल पुन्हा कमी पडतो, खप आणखी कमी दिसतो. रोखीनं आणलेल्या त्या सर्कलिप तर नोंदीत आलेल्याच नसतात. हिशेब करायला यंत्र जरूर घ्यावं, माझा त्याला विरोध नाही. पण कोणता आठवडा खपाचा आणि कोणता टंचाईचा हे त्याला माणसानंच सांगावं लागतं. आणि एक लाइन तासभर बंद पडण्याची किंमत किती धरायची, हे कोणत्याही जुन्या नोंदीत लिहिलेलं नसतं.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो लहान पुरवठादाराच्या वाट्याला जे येतं त्याचा. मोठ्या कंपनीत साठा शून्य झाला म्हणून तो नाहीसा होत नाही. तिनं दर आठवड्याला बारा कास्टिंग मागितल्या म्हणून फाउंड्रीवाला बारासाठी भट्टी लावत नाही. तो दोनशे ओततो आणि उरलेल्या आपल्या शेडमध्ये, आपल्या कर्जावर ठेवतो. शेड्यूल रद्द झालं की त्या त्याच्याच गळ्यात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचं बंधन 2006 च्या कायद्यानं घातलं. आकारणी वर्ष 2024-25 पासून मुदत चुकली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची आयकरात वजावटही मिळत नाही. हे चांगलंच झालं. पण घड्याळ माल पोचल्यावर सुरू होतं. शेडमध्ये थांबलेल्या कास्टिंगला कोणतंच घड्याळ नाही. ‘45 दिवसांमुळे आता लहान लॉटच बरे’ म्हणणारे हा भार नेमका तिथे ढकलतात जिथे कायदा पोचत नाही. पुरवठादाराची खरी बॅच दोनशेची असेल तर मिनिमम लॉट त्याच्याशी बोलून ठरवावा, आणि बारा-बाराच हव्या असतील तर उरलेल्या साठ्याची जबाबदारी लेखी घ्यावी. त्याला न विचारता भरलेल्या लॉट साइझची वसुली पुढच्या दरवाढीत होते, किंवा तो पुरवठादार एक दिवस काम सोडून देतो.

राहता राहिला वेळेचा आक्षेप. आठ हजार आयटम एकेक करून कोण बघणार? एकेक करून बघायची गरजच नाही. ज्यांत वर्षाच्या खरेदीचा बहुतांश पैसा जातो ते आयटम थोडे असतात, ते एकेक करून बघावेत. ज्यांच्याविना लाइन थांबते आणि जे लवकर मिळत नाहीत ते, किंमत कितीही कमी असो, वेगळे काढावेत. मुदतीचा माल वेगळा. बाकीच्यांचे स्वभावाप्रमाणे गट करून गटाला एक धोरण द्यावं. स्टोअर, परचेस, पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), सुट्या भागांची विक्री आणि अकाउंट्स यांनी एका टेबलाशी बसावं आणि मालकानं त्यांना उत्पादनाच्या धबडग्यातून सोडवून तिथे बसवावं. प्रत्येक गटापुढे धोरण कोणी ठरवलं, कोणत्या आकड्यांवर ठरवलं आणि परत कधी तपासायचं, असे तीन रकाने वाढवावेत. ते भरून खाली सह्या होईपर्यंत आयटम मास्टर अपलोड होऊ देऊ नये, आणि सल्लागाराचा त्या टप्प्याचा हप्ताही तोवर देऊ नये. गो-लाइव्हची तारीख त्यापायी तीन आठवडे पुढे गेली तर जाऊ द्यावी.